जनुक-संपादित मुलांवर थरारक कादंबरी कशी लिहावी

जनुकांत फेरफार करून जन्माला घातलेल्या मुलांवर थरारक कादंबरी लिहायचे ठरले, की पहिल्या बैठकीतच बहुधा एक ठरलेला आराखडा कागदावर उतरतो. डोंगराच्या पोटात गुप्त प्रयोगशाळा असते, जगावर सूड उगवायला निघालेला शास्त्रज्ञ असतो आणि अंधारात दिसणारी, कधीही न थकणारी, दुसऱ्याच्या मनातले ओळखणारी मुले असतात. हा आराखडा बाजूला सारावा. तो जुना झाला आहे एवढेच त्याचे कारण नाही. प्रत्यक्षात अशी मुले जन्माला आली तेव्हा यातले काहीही नव्हते, आणि जे होते ते कादंबरीकाराच्या दृष्टीने कितीतरी अधिक भीतीदायक होते. पुढे मांडलेली सगळी पद्धत एकाच आग्रहावर उभी आहे: मुलांना अलौकिक शक्ती देऊ नये, अनिश्चितता द्यावी. आपल्या शरीरात नेमके काय बदलले आहे हे जिला कोणीही खात्रीने सांगू शकत नाही अशी मुलगी, भिंतीवर चढणाऱ्या मुलीपेक्षा वाचकाला जास्त रात्री जागवते.

घडलेल्या प्रकरणातून कथानक काढणे

लिहायला बसण्यापूर्वी शेन्झेनचे प्रकरण मुळापासून समजून घ्यावे. दक्षिण चीनमधील या शहरातल्या सदर्न युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीमध्ये सहयोगी प्राध्यापक असलेल्या हे जियानकुई (‘हे’ हे त्यांचे आडनाव) यांनी मानवी भ्रूणांतले, एचआयव्ही विषाणूला पेशीत शिरायला दार देणारे सीसीआर-५ नावाचे जनुक निकामी करण्याचा प्रयत्न केला आणि त्या भ्रूणांपासून जुळ्या मुली जन्माला आल्या. ही बातमी २५ नोव्हेंबर २०१८ रोजी फुटली. तीनच दिवसांनी हाँगकाँगमध्ये भरलेल्या जनुक-संपादनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जियानकुई स्वतः व्यासपीठावर आले आणि स्लाइड दाखवत त्यांनी आपल्या कामाचे समर्थन केले. त्यांचे डॉक्टरेटचे शिक्षण अमेरिकेत राइस विद्यापीठात आणि नंतरचे संशोधन स्टॅनफर्डमध्ये झाले होते. म्हणजे हा माणूस गुहेत राहणारा नव्हता, चारचौघांत वावरणारा होता. त्याने प्रसिद्धीसाठी व्हिडिओ आधीच तयार करून ठेवले होते, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा तपशील हाच आहे. आपण गुन्हा करत आहोत असे त्याला वाटतच नव्हते.

आता यातले धागे वेगळे करावेत. सहभागी जोडप्यांतले पुरुष एचआयव्ही बाधित होते आणि स्त्रिया बाधित नव्हत्या. अशा पुरुषांना चीनमध्ये कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेण्यास मनाई होती. त्यामुळे त्यांच्या रक्ततपासणीसाठी दुसऱ्याच माणसांचे रक्त देण्यात आले, ही गोष्ट पुढे न्यायालयाच्या निकालात नोंदली गेली. नैतिक समितीची मंजुरी बनावट होती. जोडप्यांसमोर ठेवलेल्या संमतीपत्रात प्रकल्पाचे वर्णन एड्सवरील लस विकसित करण्याचा प्रकल्प असे होते. ज्या डॉक्टरांनी भ्रूण गर्भाशयात सोडले त्यांना त्यात संपादन झालेले आहे हे सांगण्यात आले नव्हते. ३० डिसेंबर २०१९ रोजी शेन्झेनच्या न्यायालयाने जियानकुईंना ३ वर्षांचा कारावास आणि ३० लाख युआन दंड ठोठावला, त्यांच्या दोन सहकाऱ्यांनाही शिक्षा झाली, आणि अशी मुले दोन नव्हे तर तीन आहेत हे त्याच निकालातून अधिकृतपणे समोर आले. आरोप बेकायदा वैद्यकीय व्यवसायाचा होता. २०२२ मध्ये ते तुरुंगातून सुटले.

या परिच्छेदातला प्रत्येक तपशील एकेका प्रकरणाची बीजकल्पना आहे. दुसऱ्याच्या नावावर रक्त देऊन गेलेला माणूस घ्या. त्याला किती सांगितले होते? त्याच्या हातात काय टेकवले? काही वर्षांनी एखाद्या बातमीत आपणच कुठे तरी आहोत हे त्याला कळले, तर तो पोलिसांकडे जाईल की त्या जोडप्याकडे पैसे मागायला जाईल? किंवा ज्या डॉक्टरीणबाईंनी अजाणतेपणी ते भ्रूण गर्भाशयात सोडले त्यांना निवेदक करावे. त्यांच्या हातून गुन्हा घडला आहे, पण त्या गुन्हेगार नाहीत, आणि सत्य बाहेर काढायचे तर स्वतःचेच नाव आधी बाहेर येणार आहे. मुख्य पात्रासाठी याहून चांगली अडचण शोधून सापडणार नाही.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. ती तीन मुले खरी आहेत, लहान आहेत आणि आपल्यावर कोणी लिहावे अशी परवानगी त्यांनी कोणालाही दिलेली नाही. प्रकरणाची रचना घ्यावी, फसवणुकीची यंत्रणा घ्यावी, पण त्या मुलांना वेगळे नाव देऊन कादंबरीत आणू नये.

विज्ञान: किती घ्यावे आणि कुठे थांबावे

क्रिस्पर-कॅस ९ हे तंत्र २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांच्या शोधनिबंधातून पुढे आले आणि २०२० मध्ये या दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. कादंबरीपुरते एवढे पुरते: सुमारे २० अक्षरांचा (अक्षरे म्हणजे जनुकीय साखळीतले रासायनिक घटक) एक आरएनएचा तुकडा तीन अब्ज अक्षरांच्या जनुकसंचात आपली जोडी शोधतो, त्याच्याबरोबर असलेले कॅस ९ हे प्रथिन तिथे डीएनए कापते, आणि नंतर पेशी स्वतःच ती जखम जोडते. कापण्यावर शास्त्रज्ञाचे बऱ्यापैकी नियंत्रण असते, जोडण्यावर मात्र फारसे नसते. तुमची सगळी भीती या फटीतून आत येते.

सीसीआर-५ जनुकातली ३२ अक्षरे नसलेली एक नैसर्गिक आवृत्ती युरोपीय वंशाच्या काही लोकांमध्ये आढळते, आणि ज्यांच्या दोन्ही प्रतींत ती असते त्यांना एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांची लागण होत नाही. बहुतेक म्हटले, कारण दुसऱ्या दारातून पेशीत शिरणारे विषाणूही आहेत. शेन्झेनमध्ये ही नैसर्गिक आवृत्ती तयार झालीच नाही. जियानकुईंनी दाखवलेल्या माहितीनुसार एका मुलीच्या एका प्रतीत एक अक्षर वाढले होते आणि दुसऱ्या प्रतीतली चार अक्षरे गेली होती. तिच्या बहिणीच्या एका प्रतीतली पंधरा अक्षरे गेली होती आणि दुसरी प्रत जशीच्या तशी होती. आईवडील तेच, प्रयोगशाळा तीच, आणि तरी दोन मुलींचे दोन वेगवेगळे, आधी कोणत्याही माणसात न पाहिलेले बदल. जुळ्यांची कादंबरी लिहायची असेल तर ही विषमता सोडू नये. एकीला कदाचित संरक्षण मिळाले आणि दुसरीला बहुधा नाही, पण धोका दोघींच्या वाट्याला आला, आणि हे दोघींना कधी तरी समजणार आहे.

त्याहून मोठी देणगी म्हणजे मोझॅइक अवस्था. संपादन चालू असतानाच भ्रूण विभागू लागला तर काही पेशींत बदल होतो आणि काहींत होत नाही, आणि मग मूल दोन किंवा अधिक प्रकारच्या पेशींचे बनते. भ्रूणाच्या तपासणीसाठी पाचव्या दिवशी बाहेरच्या थरातल्या मोजक्याच पेशी काढतात, आणि हा थर पुढे गर्भाला पोसणारी वार बनवतो, बाळ नव्हे. म्हणजे तपासलेल्या पेशी स्वच्छ निघाल्या तरी उरलेल्या स्वच्छ आहेत असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. जन्मानंतर रक्तात काही सापडले नाही म्हणून यकृतात किंवा अंडाशयात नाहीच, असेही म्हणता येत नाही. थरारक कादंबरीत लेखकाला नेहमी छळणारा प्रश्न असा असतो की एका रक्ततपासणीने सगळा उलगडा होत असेल तर साडेतीनशे पाने कशाला? इथे विज्ञानच तुमच्या बाजूने उभे आहे. अहवाल येतो आणि प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो.

बुद्धिमान, उंच, सुंदर मुले ‘बनवण्याचा’ मोह मात्र आवरावा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ५४ लाख लोकांच्या जनुकीय माहितीवर आधारलेल्या अभ्यासात केवळ उंचीशी संबंधित १२,१११ स्वतंत्र जनुकीय फरक सापडले. जी गोष्ट मोजपट्टीने मोजता येते तिची ही कथा असेल, तर बुद्धीचे काय सांगावे? तेव्हा तुमचा खलनायक हुशार मुले बनवू शकत नाही. तो ती विकू मात्र शकतो. पंधरा वर्षे ज्या मालाची पारख करता येत नाही असा माल विकणारा ठग, आणि दहावीच्या निकालापर्यंत आपण फसलो हे कबूल न करणारे श्रीमंत पालक, हे कथानक विज्ञानाला धरून आहे आणि आपल्याकडच्या वाचकाला त्यातला एकेक माणूस ओळखीचा वाटेल.

मग संपादन कशाला? हा प्रश्न आधी सोडवा

या विषयावरच्या बहुतेक हस्तलिखितांत सर्वांत मोठे भगदाड इथे असते. एचआयव्ही बाधित पित्याचे वीर्य धुऊन विषाणू वेगळा करण्याची पद्धत उपलब्ध आहे, शेन्झेनमध्येही ती वापरली होती, आणि तेवढ्यानेच मूल बाधेपासून वाचू शकत होते. मग संपादनाची गरज काय होती? जगभरच्या शास्त्रज्ञांनी हाच सवाल केला आणि तुमचा जाणकार वाचकही तोच करणार आहे. समजा तुमच्या जोडप्यातले दोघेही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक आहेत, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण सदोष जनुकाची एक प्रत बाळगून आहेत. तरीही दर गर्भधारणेला आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते, आणि भ्रूणांची तपासणी करून निरोगी भ्रूण निवडता येतो. काही कापण्याची गरजच पडत नाही.

खरी कोंडी वेगळ्या ठिकाणी आहे. पती आणि पत्नी दोघेही स्वतः एकाच अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच होणाऱ्या, आजाराने ग्रस्त असतील, तर त्यांच्या प्रत्येक भ्रूणात तो आजार येणार आणि निवडायला काही उरतच नाही. रशियात देनिस रेब्रिकोव्ह या शास्त्रज्ञाने २०१९ मध्ये जीजेबी-२ या जनुकामुळे बहिरेपण आलेल्या जोडप्यांसाठी संपादनाची कल्पना मांडली तेव्हा तिच्यामागे हेच गणित होते. आपल्याकडे गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. उपचारासाठी रुग्णालयात येता-जाता ओळख होऊन लग्न केलेले दोन रुग्ण तिथे कल्पिता येतात. अशा जोडप्याला कोणी येऊन सांगितले की तुमचे मूल या दुखण्यातून सुटेल, तर त्यांनी नाही म्हणावे असे सांगायला वाचकाचीही जीभ रेटणार नाही. असे जोडपे निवडले तर गावाला आणि समाजाला केवळ प्रयोगाचे बळी करून सोडू नये. त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, आणि शक्यतो सगळ्यांत अवघड प्रश्न त्यांच्याच तोंडी द्यावा.

इथे एक फरक पक्का लक्षात ठेवावा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली आहे. पण त्यात रुग्णाच्या स्वतःच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी बदलतात आणि तो बदल त्याच्या मुलाबाळांत उतरत नाही. भ्रूणातला बदल पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो. तुमच्या कथेतला दलाल हे दोन्ही एकच असल्यासारखे बोलेल, आणि त्याने तसेच बोलावे, पण लेखकाने दोन्हीची गल्लत करू नये.

घड्याळ कुठले लावावे

थरारकथेला घड्याळ लागते, आणि बाँबचे आकडे उलटे मोजण्यापेक्षा आयव्हीएफ केंद्राचे वेळापत्रक अधिक निष्ठुर असते. बीजांडे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या मिनिटाला, बहुधा रात्री, घ्यावे लागते आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांत बीजांडे बाहेर काढावी लागतात. उशीर झाला तर ती निसटतात. संपादनाची सामग्री आत सोडायची तर ती शुक्राणू बीजांडात टोचतानाच किंवा लगेच नंतर, पहिले विभाजन होण्याआधी. १६ ते १८ तासांनी फलन झाले का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी दिसतात आणि पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे गर्भाशयात सोडण्याजोगा भ्रूण, तयार होतो. भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी गर्भ राहिला का हे सांगणारी बीटा एचसीजीची रक्ततपासणी होते. तुमच्या गुन्हेगाराला एकट्याने प्रयोगशाळेत थांबण्याची नेमकी संधी कधी मिळते हे या तक्त्यावर पेन्सिलीने खूण करून ठरवावे, आणि त्या रात्रीचे प्रकरण मिनिटांच्या हिशोबाने लिहावे.

प्रयोगशाळेचे वर्णन करताना चमकणारी यंत्रे मोजत बसू नये. एक-दोन गोष्टी जवळून दाखवाव्यात. उदाहरणार्थ, भ्रूणशाळेत काम करणारे लोक अत्तर, सुगंधी तेल, डिओडरंट लावून आत जात नाहीत, कारण हवेतली रसायने भ्रूणांना बाधतात. प्रकाश मंद असतो, डिश इन्क्युबेटरच्या बाहेर असतानाचा प्रत्येक क्षण मोजला जातो, आणि नमुना एका डिशमधून दुसरीत नेताना दुसरा माणूस शेजारी उभा राहून नावाची खातरजमा करून सही करतो. आता हे वाचा:

‘सकाळी पावणेसातला भ्रूणशाळेचे दार उघडले तेव्हा मेधाताईंना मोगऱ्याचा वास आला. फार नाही, कोणीतरी तासाभरापूर्वी निघून गेल्यासारखा. त्यांनी आधी एसीकडे पाहिले, मग नोंदवहीकडे. रात्री साक्षीदाराच्या रकान्यात त्यांचीच सही होती.’

या चार वाक्यांत रक्त नाही, पिस्तूल नाही, पण ज्याला अत्तराचा नियम आधीच्या एखाद्या प्रकरणात सहज सांगून ठेवला आहे तो वाचक इथे ताठ बसतो. तपशील आधी निरुपद्रवी म्हणून पेरावा आणि पुढे धारदार म्हणून काढावा. वैद्यकीय थरारकथेचे निम्मे कसब इथे आहे.

कागदपत्रे हाच पुरावा

कथा महाराष्ट्रात घडवायची असेल तर कायदा नीट वाचावा, कारण आपल्याकडचा खरा तणाव फायलींत दडलेला असतो. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि आजही गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो. एक न सापडणारा फॉर्म एफ हा तपास अधिकाऱ्याच्या हातातला पहिला धागा होऊ शकतो. ती अधिकारी गर्भलिंग तपासणीच्या संशयाने केंद्रावर धाड घालते आणि तिच्या हाती भलतेच काही लागते, ही सुरुवात मला कोणत्याही हॅकरच्या कामगिरीपेक्षा विश्वसनीय वाटते.

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाला. केंद्रांची नोंदणी सक्तीची झाली, नोंदी किमान १० वर्षे जपणे बंधनकारक झाले आणि भ्रूण गोठवून ठेवण्यालाही कमाल १० वर्षांची मर्यादा आली. ही मर्यादा संपली की ते भ्रूण नष्ट होऊ द्यावेत किंवा पालकांच्या संमतीने संशोधनासाठी द्यावेत अशी तरतूद आहे. आता विचार करा. मुलीच्या रक्तातून काही ठाम कळत नाही, पण तिच्याच वेळी तयार झालेली, न वापरलेली तिची भावंडे द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत आहेत. संपादन झाले याचा सर्वांत भक्कम पुरावा तोच असू शकतो, आणि कायद्यानेच त्याच्या शेवटाची तारीख ठरवून दिली आहे. कथा २०३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ठेवली तर हे घड्याळ आपोआप चालू होते. आई ते पुरावे वाचवायला निघते, पण वाचवायचे म्हणजे स्वतःच्याच गोठवलेल्या भ्रूणांना न्यायालयात मुद्देमाल म्हणून हजर करायचे. हा पेच सोडवण्याची घाई करू नये.

भ्रूणात बदल करून मूल जन्माला घालण्यावर भारतात वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी घातलेली आहे. ती मार्गदर्शक तत्त्वे आहेत, फौजदारी कायदा नव्हे, ही गोष्ट तुमच्या खलनायकाच्या वकिलाला नक्की माहीत असेल.

खलनायकाला चांगला युक्तिवाद द्या

पैशाच्या लोभाने पछाडलेला डॉक्टर लवकर कंटाळवाणा होतो. त्याला इतिहास द्यावा. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, जगातल्या पहिल्या अशा बाळानंतर सत्तरच दिवसांनी. सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांना काम करू दिले नाही, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत केईएम रुग्णालयात ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हाताखाली जन्मलेले बाळ त्यानंतर बराच काळ देशातले पहिले मानले जात होते. त्या कामात सहभागी असलेले शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखर्जींची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना मिळवून दिला.

तुमच्या खलनायकाच्या केबिनमध्ये मुखर्जींची तसबीर लावावी. त्याला विचारले की तू नियम मोडलेस, तर तो तसबिरीकडे बोट दाखवील आणि म्हणेल, ‘यांनाही हेच विचारलं होतं.’ वाचकाला क्षणभर पटले पाहिजे. उत्तर देणारे पात्रही तितक्याच तयारीचे हवे: मुखर्जींनी ज्यांना दुसरा मार्ग नव्हता त्यांना मार्ग दिला, तुम्ही मार्ग असलेल्यांना फसवले, आणि त्यांनी काही लपवले नव्हते, सगळे जाहीर केले होते. हा वाद कादंबरीच्या शेवटी न ठेवता मधोमध ठेवावा, म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक कृतीला त्याची सावली लागते.

मुलांच्या नजरेतून

मुलांची प्रकरणे सर्वांत अवघड, आणि बहुतेक हस्तलिखिते इथेच कोसळतात, कारण नऊ वर्षांची मुलगी लेखकाच्या वाचनातून बोलू लागते. तिला जनुक हा शब्दही माहीत नसावा. तिला माहीत असते ते एवढेच की दर सहा महिन्यांनी डॉक्टरकाका घरी येतात, इतरांच्या घरी येत नाहीत.

‘“आजी, दादाचं रक्त का नाही घेत कधी?”
“तो मोठा आहे ना.”
“मग मी दादाएवढी झाले की माझंही बंद होईल?”
आजीने शेंगा सोलणे थांबवले नाही. “आईला विचार तुझ्या,” ती म्हणाली.
“आई म्हणाली आजीला विचार.”
डॉक्टरकाकांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली. शाळेत तिच्या वहीवर नाव असते, तुकडी असते. चिठ्ठीवर फक्त आकडे होते.’

इथे कोणी धमकी देत नाही. घरातली माणसे एकमेकांवर प्रश्न ढकलतात आणि मुलगी ती ढकलाढकली नोंदवते, त्याचा अर्थ लावत नाही. अर्थ वाचकाने लावायचा. वय वाढेल तसे हे अंतर कमी करत न्यावे: बाराव्या वर्षी ती चिठ्ठीवरचा आकडा पाठ करून ठेवते, पंधराव्या वर्षी तो आकडा आईच्या कपाटातल्या फायलीत शोधते. आणि सतराव्या वर्षी तिला पडणारा प्रश्न ‘माझ्यात काय बदलले’ हा उरलेला नसतो. माझ्या मुलांत ते उतरेल का, आणि हे मी ज्याच्याशी लग्न करीन त्याला सांगायला बांधील आहे का, असे ती विचारते. आपल्याकडे स्थळ पाहताना घराण्यातले आजार कसे दडवले जातात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रकरणासाठी वेगळे संशोधन करावे लागणार नाही.

पालकांना दुष्ट करू नये. त्यांनी सही केली तेव्हा त्यांना काय सांगितले होते, कोणत्या भाषेत सांगितले होते आणि कागद वाचायला किती वेळ दिला होता, हे तीन मुद्दे स्पष्ट झाले की त्यांच्यावर रागावणे वाचकाला जड जाते.

हस्तलिखित तपासताना

वैज्ञानिक दावे शेवटी पुन्हा पडताळावेत, कारण या क्षेत्रात शोधनिबंध मागेही घेतले जातात. सीसीआर-५ च्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या लोकांचा मृत्युदर २१ टक्के अधिक असतो असे सांगणारा निबंध जून २०१९ मध्ये गाजला आणि माहितीतली चूक उघड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे घेण्यात आला. मूळ बातमी मात्र अजून सर्वत्र सापडते. कोणी तिच्यावर कथेचा कळस उभारला, तर एका जाणकार वाचकाच्या पत्राने तो खाली येईल. याच प्रसंगाचा दुसरा उपयोगही करता येतो: मुलीच्या वडिलांनी ती बातमी जपून ठेवली आहे, निबंध मागे घेतल्याचे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही, आणि त्या आकड्याच्या भीतीखाली ते मुलीला वाढवत आहेत.

प्रयोगशाळेची प्रकरणे एखाद्या भ्रूणतज्ज्ञाकडून वाचून घ्यावीत, पण ‘हे बरोबर आहे का’ असे विचारू नये, कारण सौजन्यापोटी लोक हो म्हणतात. ‘यातल्या कोणत्या गोष्टीमुळे तुमच्याकडे माणसाची नोकरी गेली असती?’ असे विचारावे. पोलिसांची आणि न्यायालयाची प्रकरणे वाचणाऱ्या वकिलाला विचारावे, की यातला कोणता कागद त्यांनी सर्वांत आधी ताब्यात घेतला असता. दोन्ही उत्तरे बहुधा तुमच्या आराखड्यात नसलेली असतील, आणि त्यासाठी एखादे प्रकरण नव्याने लिहावे लागले तर ते लिहावे.